१२८० × ८००: वाचनालयातील जुन्या लॅपटॉपच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, ३ ऑगस्ट २०२४

वाचनालयाच्या दाखल नोंदवहीचे संगणकीकरण ज्या लॅपटॉपवर चालू आहे, तो आज तपासणीसाठी हाती घेतला. यंत्र २००८ च्या सुमाराचे आहे. त्यात कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी मेमरी आणि १५.४ इंची पडदा आहे. गेल्या वर्षी एका सभासदांनी ते वाचनालयाला भेट दिले आणि समितीने एका दुकानातून त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली व एक्सएफसीई डेस्कटॉप बसवून घेतला. यंत्र मंद असले तरी नोंदी भरण्यास पुरेसे आहे. तक्रार आहे ती पडद्याची.

ग्रंथपाल मॅडमनी तक्रार नेमक्या शब्दांत मांडली. "सर, मी चष्म्याचा नंबर तपासून आले. नवीन काच बसवली. तरी ध आणि घ मला सारखेच दिसतात यात." त्यांनी दाखवलेल्या पानावर 'धरण' हा शब्द 'घरण' असा भरलेला होता आणि पडद्याला नाक लावल्याखेरीज ती चूक मलाही दिसली नाही. ध च्या डोक्यावरची गाठ आणि घ ची सपाट शिरोरेषा यांतला फरक या अक्षर-आकाराला दोन-तीन पिक्सेलांचाच असतो, आणि तेच पिक्सेल शेजाऱ्यांत मिसळून राखाडी झाले होते. भ आणि म यांचीही तीच गत. अनुस्वार तर असून नसल्यासारखे.

डेस्कटॉपच्या 'डिस्प्ले' खिडकीत रिझोल्यूशन १०२४ × ७६८ असे दिसते. यादीत त्याखाली ८०० × ६०० आणि ६४० × ४८० आहेत, वर काहीही नाही. पडद्याच्या उजेडी भागाचे माप टेपने घेतले, ते ३३.१ × २०.७ सेंटिमीटर भरले, म्हणजे प्रमाण १.६. याउलट १०२४ × ७६८ चे प्रमाण १.३३ आहे. चित्र आडवे ताणले जात आहे हे यावरूनच ठरते, तरी खात्रीसाठी चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये ४०० × ४०० पिक्सेलांचा चौरस काढला आणि लाकडी पट्टी लावली. रुंदी १२.९ सेंटिमीटर, उंची १०.८. मॅडम बाजूला उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "मुलांनी यात काढलेला सूर्यसुद्धा अंड्यासारखा येतो, मला वाटलं मुलांचाच हात तसा."

रविवार, ४ ऑगस्ट २०२४

आजची पहिली गोष्ट म्हणजे एक विसंगती, जी आधी गोंधळात टाकणारी वाटली आणि नंतर उपयोगी ठरली. बिघाड दाखवता यावा म्हणून त्या धूसर पानाचा स्क्रीनशॉट घेतला आणि घरच्या संगणकावर उघडला, तर अक्षरे स्वच्छ होती! याचा अर्थ प्रणाली रेखाटते ते चित्र धूसर नाही. ते १०२४ × ७६८ च्या जाळीवर नीट रेखाटले जाते आणि तेथून पडद्यापर्यंत पोहोचताना, पडद्याच्या स्वतःच्या जाळीवर बसवण्यासाठी, कोठेतरी ताणले जाते. एलसीडी पडद्याला काचेत कोरलेली ठराविक जाळी असते आणि जुन्या काचनळीच्या पडद्यासारखी ती कमी-जास्त होत नाही, त्यामुळे एका पिक्सेलची जागा सव्वा पिक्सेल झाली की उरलेला पाव शेजाऱ्याच्या रंगात मिसळावा लागतो. फाँट बदलणे, अक्षर मोठे करणे, कडा मऊ करणे हे जे उपाय समितीतील मंडळींनी आजवर करून पाहिले, ते सगळे या ताणण्याच्या आधीचे होते, म्हणून त्यांचा गुण आला नाही.

आता पडद्याची खरी जाळी कोणती? प्रमाण १.६ असलेल्या १२८० × ८००, १४४० × ९०० आणि १६८० × १०५० या तिन्ही प्रकारच्या काचा त्या काळात १५.४ इंची लॅपटॉपांत बसवल्या जात होत्या, त्यामुळे टेपने मोजून याचे उत्तर मिळत नाही. पडद्याने ते स्वतः सांगायला हवे. तशी सोयही असते. पडद्याच्या आत एका छोट्या स्मृतिचिपमध्ये १२८ बाइटांची ओळखपत्रिका असते, तिला ईडीआयडी म्हणतात.

टर्मिनलमध्ये एक्सरँडआर ही जोडलेले पडदे आणि त्यांचे मोड (रिझोल्यूशन व चित्रांची गती) दाखवणारी आज्ञा दिली. पहिल्याच ओळीत गॅमाचा (उजेड-छटांच्या तक्त्याचा) आकार मिळाला नाही अशी कुरकुर आली, आणि त्याखाली एकच जोडणी दिसली, तिचे नाव 'डिफॉल्ट', भौतिक माप ० मिलिमीटर × ० मिलिमीटर. कमाल रिझोल्यूशन १०२४ × ७६८. जिला पडद्याची ओळख पटली आहे अशी प्रणाली आतील पडद्याला 'एलव्हीडीएस' म्हणते आणि त्याची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये सांगते. शून्य बाय शून्य मापाचा 'डिफॉल्ट' पडदा म्हणजे समोर काय आहे हे तिला ठाऊकच नाही.

येथे थांबून कारण शोधायला हवे होते, पण हात शिवशिवत होते. सीव्हीटी या आज्ञेने १२८० × ८०० चे वेळापत्रक, म्हणजे पडद्याला पिक्सेल कोणत्या गतीने पाठवायचे ते आकडे, तयार करून घेतले (पिक्सेल घड्याळ, म्हणजे पिक्सेल पाठवण्याची गती, ८३.५ मेगाहर्ट्झ), एक्सरँडआरला नवीन मोड म्हणून दिले, 'डिफॉल्ट'ला जोडले आणि लागू करायला सांगितले. उत्तर आले की सीआरटीसी (पडद्याला चित्र पुरवणारा ग्राफिक्सचा भाग) क्रमांक ० ची मांडणी अपयशी ठरली. दोनदा केले, दोनदा तेच. संध्याकाळी ७ वाजता वाचनालय बंद करायची वेळ झाली.

शनिवार, १० ऑगस्ट २०२४

दुपारपासून वीज नव्हती. लॅपटॉपची बॅटरी बारा मिनिटांत बसली. आज काम नाही.

रविवार, ११ ऑगस्ट २०२४

आज सुरुवात ग्राफिक्सच्या चिपपासून केली, आणि गेल्या रविवारीही ती तेथूनच करायला हवी होती. एलएसपीसीआय ही यंत्रातील उपकरणे दाखवणारी आज्ञा 'के' या पर्यायासह दिली असता यंत्रात इंटेलचे जीएम९६५ संचातले ग्राफिक्स असल्याचे दिसले, जे जीएमए एक्स३१०० या नावाने विकले जाई. इतर प्रत्येक उपकरणाखाली दोन ओळी आहेत: वापरात असलेला ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) कोणता आणि उपलब्ध मॉड्यूल (गरजेला जोडता येणारा ड्रायव्हर) कोणते. ग्राफिक्सखाली मात्र या दोहोंपैकी फक्त दुसरी ओळ आहे. आय९१५ हे मॉड्यूल उपलब्ध आहे, पण ते वापरात नाही.

मॉड्यूल आहे, चिप आहे, आणि दोघांची गाठ कोणीतरी पडू देत नाही. कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, सुरू होताना कोणते पर्याय दिले गेले ते 'प्रॉक' फोल्डरमधील 'सीएमडीलाइन' या फाईलमध्ये वाचता येते. ती उघडली आणि ओळीच्या शेवटी तो शब्द सापडला: नोमोडसेट.

या शब्दाचा अर्थ असा की ग्राफिक्सच्या ड्रायव्हरांनी पडद्याचे मोड स्वतः ठरवू नयेत. इंटेलच्या चिपांसाठी मोड ठरवण्याचे काम लिनक्स २.६.२९ पासून, म्हणजे २००९ पासून, कर्नलमध्ये आले आणि आजचा आय९१५ ड्रायव्हर त्याशिवाय काम करतच नाही. त्याला मनाई केली की तो बाजूला होतो. मग एक्स सर्व्हर, म्हणजे डेस्कटॉपचे चित्र पडद्यावर आणणारा प्रोग्रॅम, शेवटचा आधार म्हणून व्हेसा हा सर्वसाधारण ड्रायव्हर घेतो, आणि तो स्वतः काही ठरवत नाही, तर यंत्राच्या व्हिडिओ बायोसमध्ये (ग्राफिक्सच्या चिपसोबत येणाऱ्या कायम प्रोग्रॅममध्ये) जे मोड लिहून ठेवलेले असतात त्यांपैकी एक मागतो. व्हेसाच्या जुन्या प्रमाणित यादीत ६४० × ४८०, ८०० × ६००, १०२४ × ७६८ आहेत. १२८० × ८०० नाही, कारण ती यादी रुंद पडद्यांच्या आधीची आहे. गेल्या रविवारी माझे नवे वेळापत्रक का नाकारले गेले तेही आता कळले. मागणी बायोसकडे जात होती आणि बायोसला ते नावच माहीत नव्हते. २००५ च्या आसपास याच अडचणीवर ९१५-रिझोल्यूशन नावाची एक युक्ती प्रचलित होती, जी मेमरीत उतरलेल्या व्हिडिओ बायोसच्या यादीतील एक मोड खोडून त्या जागी हवा तो लिहीत असे. आता तसल्या शस्त्रक्रियेची गरज उरलेली नाही.

नोमोडसेट येथे आला कसा, याचा अंदाज बांधता येतो. प्रणाली बसवताना एखादे वेळी पडदा काळा पडतो, तेव्हा हा शब्द टाकून काम पुढे रेटतात, आणि डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये तीन आडव्या रेघांनंतर लिहिलेला पर्याय बसवलेल्या प्रणालीतही उतरतो. कामापुरती लावलेली टेकणी नंतर काढायची राहून गेली, इतकेच. उजेड कमी-जास्त करण्याच्या कळा चालत नाहीत आणि झाकण मिटल्यावर यंत्र परत जागे होत नाही, या ज्या दोन तक्रारी 'म्हातारपण' म्हणून सोडून दिल्या होत्या, त्यांचेही मूळ येथेच असावे अशी शंका आली.

कायमचा बदल करण्याआधी एका वेळेपुरता करून पाहिला. यंत्र सुरू होताना ग्रब या प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीवर 'ई' कळ दाबली, 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या टोकाला जाऊन नोमोडसेट पुसला आणि कंट्रोल व एक्स एकत्र दाबले. हा बदल कोठेही साठवला जात नाही, त्यामुळे पडदा काळाच राहिला असता तरी बटण दाबून यंत्र बंद करून पुन्हा पूर्वस्थितीला येता आले असते.

पडदा क्षणभर काळा झाला, मग सुरुवातीच्या ओळी निम्म्याहून बारीक आणि सुईसारख्या टोकदार अक्षरांत धावू लागल्या. डेस्कटॉप उघडल्यावर एक्सरँडआरने जोडणीचे नाव एलव्हीडीएस-१ सांगितले, माप ३३१ × २०७ मिलिमीटर, मोड १२८० × ८००. मॅडमना बोलावले. त्यांनी काही न बोलता 'धरण' टाइप केले, मग त्याखाली 'घरण', आणि चष्मा काढून दोन्ही पाहिले.

वेळ होता म्हणून ओळखपत्रिकाही वाचली. 'सिस' फोल्डरमध्ये डीआरएमखाली एलव्हीडीएस-१ च्या जागी 'ईडीआयडी' नावाची फाईल आता भरलेली होती. तिच्यातील ५४ व्या बाइटपासून (मोजणी शून्यापासून) पडद्याच्या पसंतीचे वेळापत्रक सुरू होते आणि तेथे षोडशमान पद्धतीत पुढील अंक निघाले: बी-सी, १-बी, ००, ए-०, ५०, २०, १७, ३०. पहिले दोन बाइट उलट क्रमाने वाचले की ७१०० ही संख्या मिळते, आणि तिचे एकक १० किलोहर्ट्झ असल्याने पिक्सेल घड्याळ ७१ मेगाहर्ट्झ. तिसरा बाइट ०० आणि पाचव्यातील वरचा ५ जोडून ५००, म्हणजे पाच गुणिले २५६, म्हणजे १२८०. सहावा २० आणि आठव्यातील वरचा ३ जोडून ३२०, म्हणजे ८००. पडद्याने स्वतःच्या तोंडाने आपली जाळी सांगितली. चौथ्या बाइटमधील १६० आणि सातव्यातील २३ ही न दिसणाऱ्या मोकळ्या जागेची भर धरली तर एक चित्र १४४० × ८२३ चे होते, आणि ७१ मेगाहर्ट्झला त्याने भागले की सेकंदाला ५९.९ चित्रे येतात. माझ्या गेल्या रविवारच्या वेळापत्रकाचे घड्याळ ८३.५ मेगाहर्ट्झचे होते, कारण सीव्हीटी मागितल्याशिवाय काचनळीच्या पडद्याला लागणारी जादा मोकळी जागा धरते. ते नाकारले गेले हे बरेच झाले.

शनिवार, १७ ऑगस्ट २०२४

बदल कायम केला. 'इटीसी' फोल्डरमधील 'डिफॉल्ट'खालच्या ग्रब फाईलची आधी एक प्रत काढून ठेवली, मग मूळ फाईलमधून नोमोडसेट हा शब्द काढला आणि अपडेट-ग्रब ही आज्ञा चालवली. यंत्र पुन्हा सुरू केले: १२८० × ८००. उजेडाच्या कळा चालतात. झाकण मिटून उघडले, यंत्र जागे झाले. चौरस पुन्हा काढून मोजला, रुंदी १०.३ आणि उंचीही १०.३ सेंटिमीटर भरली.

काम संपले असे समजून लॅपटॉप बंद केला, आणि जाता जाता मॅडमना एक नोंद भरायची होती म्हणून परत सुरू केला, तर पडदा पुन्हा १०२४ × ७६८. बदल पुसला गेला असेल म्हणून सीएमडीलाइन पाहिली, त्यात नोमोडसेट नाही. परत सुरू केला, १२८० × ८००. आणखी एकदा, १०२४ × ७६८. पाच वेळा सुरू केला, त्यात दोनदा चूक. कायम दिसणारा बिघाड परवडतो, कारण तो समोर बसून राहतो. हा कधी येतो आणि कधी दडी मारतो. उद्या चूक झालेली असतानाच नोंदी घ्यायच्या असे ठरवले.

रविवार, १८ ऑगस्ट २०२४

तिसऱ्या वेळेला चूक पकडली. एक्सरँडआरची यादी आता निराळी होती. एलव्हीडीएस-१ जागेवर आहे, त्याच्या यादीत १२८० × ८०० समोर पसंतीची अधिक खूणही आहे, पण चालू मोडची तारका खाली १०२४ × ७६८ वर आहे. सर्वात शेवटी एक जोडणी होती, जी चांगल्या सुरुवातीच्या वेळी 'जोडलेली नाही' असे दाखवत होती: एसव्हिडिओ-१. आता ती 'जोडलेली' म्हणत होती.

एस-व्हिडिओ म्हणजे टीव्हीला चित्र पाठवण्याची जुनी गोल खोबण. लॅपटॉप उचलून चारही बाजू तपासल्या. १५ खिळ्यांची व्हीजीए, नेटवर्कची खोबण, टेलिफोन मोडेमची खोबण, तीन यूएसबी, हेडफोन आणि माइक. टीव्हीची खोबण नाहीच. मात्र जीएम९६५ च्या चिपमध्ये टीव्हीसाठीचे मंडल असते, आणि यंत्र बनवताना खोबण बसवली नाही तरी चिपमधील तो भाग राहतो. टीव्ही जोडला आहे की नाही हे ओळखण्यासाठी ड्रायव्हर त्या मंडलावर थोडा विद्युतदाब देऊन समोर भार जाणवतो का ते पाहतो. तारा कोठेच जात नसतील तर उत्तर कधी 'नाही' तर कधी 'हो' असे येऊ शकते. 'हो' आले की प्रणालीच्या दृष्टीने दोन पडदे झाले, आणि दोघांवर एकच चित्र दाखवायचे तर दोघांनाही जमेल असा मोड निवडावा लागतो. टीव्हीच्या यादीत १०२४ × ७६८ आहे, १२८० × ८०० नाही. म्हणजे आमचा पडदा नसलेल्या टीव्हीशी जुळवून घेत होता.

सोपा मार्ग असा की डेस्कटॉप उघडताना एसव्हिडिओ-१ बंद करणारी एक्सरँडआरची आज्ञा आपोआप चालावी. तो घेतला नाही, कारण ती आज्ञा लॉगिन झाल्यानंतर चालते आणि त्याआधीचा पासवर्डचा पडदा धूसरच राहिला असता. शिवाय वाचनालयात दुसरे वापरकर्ता खाते उघडले की ते सगळे नव्याने करावे लागले असते. कर्नललाच सांगणे बरे. ग्रबच्या त्याच फाईलमध्ये, ज्या जागेवरून नोमोडसेट काढला होता तेथे, 'व्हिडिओ', बरोबरचे चिन्ह, 'एसव्हिडिओ-१', अपूर्णविराम आणि 'डी' असे मोकळी जागा न सोडता लिहिले. हा डी लहान लिपीतलाच हवा, तो जोडणी बंद करतो. मोठ्या लिपीतला डी डिजिटल जोडणी बळेच चालू करण्यासाठी असतो, म्हणजे नेमके उलट. अपडेट-ग्रब चालवून यंत्र दहा वेळा पूर्ण बंद करून सुरू केले. दहाही वेळा १२८० × ८००, आणि एसव्हिडिओ-१ दहाही वेळा 'जोडलेली नाही'. मॅडमनी दहा चहा होतील इतका वेळ गेला असे म्हटले. प्रत्यक्षात दोन झाले.

शनिवार, २४ ऑगस्ट २०२४

फाँटची मांडणी आता अर्थपूर्ण झाली. १२८० पिक्सेल ३३१ मिलिमीटरमध्ये, म्हणजे इंचाला ९८ पिक्सेल, त्यामुळे प्रणालीतील ९६ हा आकडा तसाच ठेवला. देवनागरीसाठी नोटो सॅन्स देवनागरी घेतला. पूर्वी दिसत नाही म्हणून कोणीतरी अक्षराचा आकार १६ केला होता, तो ११ वर आणला, आणि नोंदीच्या तक्त्यात आडव्या सरकपट्टीशिवाय सगळे रकाने मावू लागले. मॅडमना ११ बारीक वाटले, १२ वर तडजोड झाली.

जुन्या नोंदींतील चुकांसाठी वेगळी वही घातली आहे. ध-घ आणि भ-म या जोड्या तक्त्यात शोधून प्रत्येक नोंद मूळ दाखल नोंदवहीशी ताडायची आहे. हे काम संगणकाने होणारे नाही, कारण 'धन' आणि 'घन' हे दोन्ही शब्द बरोबर आहेत.

रविवार, १३ ऑक्टोबर २०२४

मंगळवारी १५ तारखेला वाचन प्रेरणा दिन आहे, त्या कार्यक्रमासाठी प्रोजेक्टर जोडून पाहिला. प्रोजेक्टरची स्वतःची जाळी १०२४ × ७६८ आहे, म्हणून दोन्हीकडे एकच चित्र दाखवायचे म्हटल्यावर लॅपटॉपचा पडदाही १०२४ × ७६८ वर गेला. मॅडमचा चेहरा उतरला, पण हा बिघाड नाही. या वेळी दुसरा पडदा खरोखरच आहे. आणि ड्रायव्हर आता चित्र आडवे ताणत नाही. एलव्हीडीएस-१ चा 'स्केलिंग मोड' प्रमाण राखून मोठे करण्याचा आहे, त्यामुळे चित्र १०६७ पिक्सेल रुंद होते आणि दोन्ही बाजूंना सुमारे १०७ पिक्सेलांच्या काळ्या पट्ट्या राहतात. अक्षरे थोडी मऊ दिसतात, पण गोल गोलच राहतो. व्हीजीएची तार काढून 'डिस्प्ले' खिडकीत आतला पडदा एकटा निवडला की १२८० × ८०० परत येते.

मधल्या काळात कर्नलचे एक अद्ययावतीकरण येऊन गेले. ग्रबची फाईल जशीच्या तशी आहे, सीएमडीलाइनमध्ये व्हिडिओचा पर्याय दिसतो. दोन्ही बदल, तारीख आणि जुन्या फाईलच्या प्रतीचे नाव एका चिठ्ठीवर लिहून ती लॅपटॉपच्या तळाला, बॅटरीच्या झाकणाशेजारी चिकटवली आहे.